मांजराचा श्वसनसंसर्ग कसा ओळखावा: घरच्या निरीक्षणापासून दवाखान्यातील निदानापर्यंत

नाशिकमध्ये डिसेंबर लागला आणि पहाटेचा पारा दहा अंशांच्या खाली उतरू लागला, की पंचवटीतल्या जुन्या वाड्यांपासून पाथर्डी फाट्याच्या नव्या सोसायट्यांपर्यंत मांजर पाळणाऱ्यांचा एकच प्रश्न कानावर येतो: "मांजराला सर्दी झाली आहे, काय देऊ?" थंडी स्वतः संसर्ग घडवत नाही. तो विषाणू आणि जिवाणू घडवतात, आणि खिडक्या बंद करून घेतलेल्या खोलीत एकमेकांना बिलगून झोपणाऱ्या मांजरांमध्ये ते सहज पसरतात. खरी अडचण वेगळीच आहे. काय द्यायचे हे आजार नाकात आहे की छातीत यावर ठरते, आणि ते ठरवण्यासाठी लागणारी निम्मी माहिती डॉक्टरांना तपासणीच्या टेबलावर मिळत नाही. तिथे पोहोचलेले मांजर घाबरलेले असते, त्याचा श्वास वाढलेला असतो, आणि घरी दिवसभर शिंकणारे मांजर तिथे अनेकदा एकदाही शिंकत नाही. ही माहिती घरच्यांनीच गोळा करून न्यावी लागते.

ती गोळा करण्याचा क्रम ठरलेला असावा: आधी श्वास, मग खाणे, आणि त्यानंतर नाक, डोळे व तोंड. बहुतेक घरांत हा क्रम उलटा होतो. शेंबूड दिसतो म्हणून त्याची काळजी केली जाते, आणि पोट भात्यासारखे हलत असते तिकडे कोणाचे लक्ष जात नाही.

तातडीची वेळ आहे का, हे आधी पाहावे

मांजराला हात न लावता दोन हातांवरून एक मिनिट पाहावे. कुत्रा तोंड उघडून धापा टाकतो ते स्वाभाविक असते. मांजराचे तसे नसते. खूप खेळल्यावर एखादे पिल्लू क्षणभर तोंड उघडते तेवढे सोडले, तर तोंडाने श्वास घेणारे मांजर संकटात आहे असेच समजावे. मान लांब करून, कोपरे शरीरापासून दूर ठेवून बसणे, आडवे व्हायला तयार नसणे, प्रत्येक श्वासाला पोट जोराने आत-बाहेर होणे ही लक्षणेही त्याच गंभीरतेची आहेत. मांजर एरवी आपल्याला हात लावू देत असेल, तर वरचा ओठ हळूच उचलून हिरड्या पाहाव्यात. निरोगी हिरड्या गुलाबी असतात. त्या निळसर, राखाडी, पांढुरक्या किंवा तपकिरी दिसल्या, तर पुढचे काहीही वाचत न बसता दवाखान्यात फोन करून निघावे.

अशा मांजराला धरून उताणे करू नये, तोंडात पाणी किंवा औषध घालू नये आणि वाफ देऊ नये. ऑक्सिजन कमी पडत असलेल्या मांजराची झटापट हीच त्याच्या जिवावर बेतू शकते. पिंजऱ्यावर हलके कापड टाकावे, हवा खेळती राहील असे पाहावे आणि रिक्षात शक्य तितकी शांतता ठेवावी.

झोपेतला श्वास मोजणे

माझ्या मते मांजर पाळणाऱ्या प्रत्येकाला हे एक कौशल्य यायलाच हवे, कारण त्याला पैसा लागत नाही, मांजराला त्रास होत नाही आणि त्यातून मिळणारा आकडा डॉक्टरांना लगेच उपयोगी पडतो.

मांजर गाढ झोपलेले असताना मोजावे. गुरगुर चालू असेल, मांजर नुकतेच उन्हातून उठून आले असेल किंवा झोपेत मिशा आणि पंजे फडफडत असतील, तर थांबावे, कारण त्या वेळचा आकडा फसवा असतो. नजर शेवटच्या बरगडीच्या मागे, कुशीवर ठेवावी. तिथले केस एकदा वर जाऊन खाली आले की एक श्वास धरावा. घड्याळ लावून तीस सेकंद मोजावे आणि आलेल्या आकड्याची दुप्पट करावी; पहिल्यांदा करताना पूर्ण मिनिटभर मोजलेले बरे. निरोगी मांजराचा झोपेतील श्वास मिनिटाला साधारण १५ ते ३० असतो. आकडा ३० च्या वर गेला, तर तासाभराने पुन्हा मोजावे. पुन्हा तसाच आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. शांत झोपेत तो ४० च्या वर असेल, तर सकाळची वाट पाहू नये.

मांजर ठणठणीत असतानाचे आकडे आठवडाभर लिहून ठेवणे सर्वांत फायद्याचे. आमच्या घरी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी हे आकडे असतात. ज्या मांजराचा नेहमीचा श्वास १८ आहे, त्याचा तो २९ झाला, तर पुस्तकी मर्यादा ओलांडलेली नसली तरी बदल झाला आहे हे त्या कागदावरून कळते.

आकड्याबरोबर श्वासाची ढबही पाहावी. श्वास आत घेताना घोरल्यासारखा आवाज येत असेल आणि मांजर बाकी बरे असेल, तर अडथळा बहुधा नाकात किंवा घशाच्या मागच्या भागात असतो. श्वास बाहेर सोडताना पोटाला जोर द्यावा लागत असेल किंवा शिटीसारखा बारीक आवाज येत असेल, तर श्वासनलिका आकसल्याचा, म्हणजे दम्याचा, संशय येतो. श्वास उथळ आणि भराभर चालला असेल आणि आवाज मात्र काहीच नसेल, तर फुप्फुसाभोवती पाणी किंवा पू साचल्याची शक्यता असते. हा शेवटचा प्रकार घरात सर्वांत उशिरा लक्षात येतो.

वाटी आणि वजन

मांजर अन्न वासावर ओळखते. नाक चोंदले की त्याला वास येत नाही आणि ते वाटीपाशी येऊन हुंगून परत जाते, म्हणून सर्दीत खाणे कमी होते. मांजर दोन-तीन दिवस पूर्ण उपाशी राहिले, तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतणारा वेगळाच आजार होऊ शकतो, आणि लठ्ठ मांजरांना त्याचा धोका अधिक असतो. म्हणून "खात नाही" एवढे मोघम न सांगता शेवटचे किती वाजता, काय आणि किती खाल्ले हे लिहावे. प्रौढ मांजराने चोवीस तास काहीच खाल्ले नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. लहान पिल्लाच्या बाबतीत एवढाही वेळ देऊ नये. पिल्लाचे वजन स्वयंपाकाच्या काट्यावर रोज करावे. वाढत्या वयात ते आठवड्याला साधारण १०० ग्रॅमने वाढायला हवे, आणि ते घटले, तर नाक कोरडे असले तरी पिल्लू आजारी आहे.

नाक, डोळे, तोंड

आता शेंबडाकडे वळावे. त्यात दोन गोष्टी पाहाव्यात: तो पातळ पाण्यासारखा आहे की घट्ट पिवळा-हिरवा, आणि तो एकाच नाकपुडीतून येतो की दोन्हींतून. विषाणूंचा संसर्ग सहसा दोन्ही बाजूंना असतो. एकाच नाकपुडीतून येणारा स्राव, विशेषतः अचानक सुरू झालेल्या शिंकांच्या माळेनंतरचा, नाकात गवताची काडी अडकल्याचे, दाताच्या मुळाशी पू झाल्याचे किंवा म्हाताऱ्या मांजरात गाठीचेही लक्षण असू शकतो. रक्ताचे थेंब दिसले, तर कोणत्या बाजूने आले ते लिहून ठेवावे. कापूस कोमट मिठाच्या पाण्यात भिजवून नाक पुसण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढावा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत मांजर चाटूनपुसून स्वच्छ झालेले असते.

डोळ्यांत चिपडे आहेत की नुसते पाणी, पापणीच्या आतले अस्तर सुजले आहे का, आणि मुख्य म्हणजे मांजर एखादा डोळा मिटून घेते का, हे पाहावे. डोळा मिटून घेणे म्हणजे वेदना. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जखम झाल्याची ती खूण असू शकते आणि तिच्यासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

तोंडाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण तिथे मी स्वतः चुकलो आहे. आमची ठकी नावाची भाटी, तेव्हा जेमतेम चार महिन्यांची, एका सकाळी पुढचा उजवा पाय उचलून लंगडू लागली. वाड्याच्या भिंतीवरून पडली असेल असे समजून आम्ही पाय दाबून पाहिला आणि सूज नाही म्हणून निश्चिंत झालो. दुपारी लंगडणे डाव्या पायात आले. संध्याकाळी ती वाटीतल्या कोमट चिकनकडे धावत गेली, एक घास घेतला आणि डोके झटकून मागे सरली. हनुवटीखालचे केस लाळेने ओले होते. डॉक्टरांनी तोंड उघडून दाखवले तेव्हा जिभेच्या टोकाशी, कडेवर, डाळीएवढा लालभडक व्रण होता आणि त्याची साल नुकतीच निघाल्यासारखी दिसत होती. सांध्यांतून सांध्यांत फिरणारे लंगडणे, ताप आणि जिभेवरचा व्रण हे तिन्ही कॅलिसी या मांजरांच्या सर्दीच्या विषाणूचे काम होते. शिंका तिला दिवसभरात दोनच आल्या होत्या. लंगडणे काही दिवसांत आपोआप गेले, पण जीभ भरून येईपर्यंत अन्न मिक्सरमधून काढून द्यावे लागले.

लक्षणांवरून जंतूचा अंदाज

मांजरांच्या नाक-घशाच्या संसर्गांपैकी बहुसंख्य दोन विषाणूंमुळे होतात: मांजरांचा हर्पिस विषाणू आणि कॅलिसी विषाणू. हर्पिसमध्ये शिंका जोरदार असतात, दोन्ही डोळे लाल होतात आणि बुबुळावर झाडाच्या फांद्यांसारखी बारीक जखम होऊ शकते. कॅलिसीत शिंका तुलनेने कमी आणि तोंडातले व्रण अधिक. क्लॅमिडिया हा जिवाणू डोळ्यांवर हल्ला करतो. सुरुवात बहुधा एका डोळ्यात होते, पापणीचे अस्तर फुगून बाहेर येते आणि काही दिवसांत दुसराही डोळा धरतो. बोर्डेटेला या जिवाणूमुळे खोकला होऊ शकतो आणि लहान पिल्लांत तो पाहता पाहता न्यूमोनियापर्यंत जातो. मायकोप्लाझ्मा कधी एकटा, कधी विषाणूंच्या जोडीने येतो. ही लक्षणे एकमेकांत मिसळतात, त्यामुळे नुसत्या नजरेने केलेला हा तर्क अंदाजच राहतो.

खोकला मात्र वेगळा काढून ओळखावा. नाक-घशाच्या साध्या विषाणुसंसर्गात तो ठळक नसतो. मांजर जमिनीशी दबून, मान पुढे ताणून, खाकरल्यासारखे करते आणि बाहेर काहीच पडत नाही, तेव्हा घरचे "पोटात केसांचा गोळा झाला असेल" म्हणून सोडून देतात. केसांचा गोळा असेल, तर तो कधीतरी बाहेर पडतो. वारंवार असे होऊन काहीच पडत नसेल, तर तो खोकला आहे आणि दमा, ब्राँकायटिस किंवा फुप्फुसातील जंत यांचा विचार करावा लागतो. हे जंत गोगलगायींतून, तसेच गोगलगाय खाल्लेले उंदीर, पक्षी आणि सरडे यांच्यामार्फत शिकारी मांजरात पोहोचतात, म्हणून पावसाळ्यात बागेत भटकणाऱ्या बोक्याच्या मालकाने ही सवय डॉक्टरांना आवर्जून सांगावी. खोकल्याचा व्हिडिओ काढून नेला, तर निदानाला मोठी मदत होते.

डॉक्टरांना सांगायची माहिती

मांजराचे वय, लसीकरणाच्या तारखा, गेल्या दोन आठवड्यांत घरात नवे मांजर आले का किंवा आपले मांजर पाळणाघरात राहिले का, घर बदलले का, रंगकाम किंवा लग्नकार्य झाले का, हे लिहावे. हर्पिसची लक्षणे लागण झाल्यापासून साधारण २ ते ६ दिवसांत दिसतात, कॅलिसीची २ ते १४ दिवसांत, त्यामुळे तारखा नेमक्या असल्या तर त्यांचा उपयोग होतो. देवघरातला धूप, डासांची अगरबत्ती आणि बांधकामाची धूळ यांनीही शिंका येतात आणि दमा चाळवतो. खिडकीच्या छज्जावर कबुतरांची विष्ठा साचत असेल, तर तेही सांगावे. त्यात वाढणाऱ्या क्रिप्टोकॉकस या बुरशीमुळे नाकाचा वरचा भाग सुजून फुगलेला दिसतो आणि साध्या औषधांना तो दाद देत नाही.

कच्चे चिकन देत असल्यास ते लपवू नये. २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा येथील बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ बर्ड फ्लूने दगावले. पाळीव मांजरही त्याच मार्जार कुळातले, आणि त्यालाही हा आजार होतो. कच्चे चिकन किंवा मेलेला पक्षी खाल्ल्यानंतर अचानक जोराचा ताप, धाप आणि झटके किंवा तोल जाणे अशी लक्षणे दिसली, तर हा इतिहास फोनवरच सांगावा, म्हणजे दवाखान्यातले लोकही मास्क आणि हातमोजे घालून तयार राहतील. मांस नेहमी पूर्ण शिजवूनच द्यावे.

दवाखान्यात काय होते आणि का

दम लागलेल्या मांजराला आधी ऑक्सिजन देतात आणि तपासणी थोड्या वेळाने करतात. त्याला दिरंगाई समजू नये. स्थिर मांजराचे तापमान ३८.१ ते ३९.२ अंश सेल्सिअस असावे. स्टेथोस्कोपने छाती ऐकताना डॉक्टर फुप्फुसांबरोबर हृदयही ऐकतात, कारण मांजरातील हृदयविकार अनेकदा धापेच्याच रूपात समोर येतो. डोळ्यात फ्लुरेसीन रंगाचा थेंब टाकून निळ्या प्रकाशात पाहिल्यावर बुबुळावरची जखम हिरवी चमकते. ही तपासणी झाल्याशिवाय डोळ्यात कोणतेही स्टेरॉइडयुक्त थेंब घालू नयेत. जखमेवर ते पडले, तर डोळा गमावण्याची वेळ येऊ शकते.

साध्या, पहिल्यांदाच झालेल्या सर्दीत एवढ्यावर निदान होते आणि पुढच्या चाचण्यांची गरज पडत नाही. घरात अनेक मांजरे आजारी असतील, आजार लांबला किंवा परत परत येत असेल, तर घसा आणि डोळ्यातून स्वॅब घेऊन पीसीआर करतात. या चाचणीचा अर्थ लावताना सावध राहावे लागते. बरी झालेली मांजरेही विषाणू बाळगतात, त्यामुळे तो सापडला म्हणून आजचा आजार त्याचाच असेल असे नाही. नुकत्याच दिलेल्या जिवंत लसीमुळेही चाचणी होकारार्थी येऊ शकते. आणि विषाणू त्या दिवशी स्रावात नसेल, तर ती नकारार्थी येते. वारंवार आजारी पडणाऱ्या मांजराची एफआयव्ही आणि एफईएलव्ही या प्रतिकारशक्ती खालावणाऱ्या विषाणूंसाठी रक्तचाचणी करून घ्यावी.

श्वास वाढलेला असेल, खोकला असेल किंवा छातीत आवाज असतील, तर एक्स-रे टाळू नये. त्यातून न्यूमोनिया, दमा, वाढलेले हृदय आणि छातीतले पाणी यांत फरक करता येतो. पाणी असल्यास सुईने काढून तपासतात. तो पू असू शकतो, हृदयविकाराचे पाणी असू शकते, किंवा तरुण मांजरात एफआयपीचे, म्हणजे मांजरांच्या कोरोना विषाणूमुळे होणाऱ्या गंभीर आजाराचे, पिवळे, चिकट पाणी असू शकते, आणि तिन्हींचे उपचार पूर्ण वेगळे आहेत. नाकातला जुनाट आजार उलगडत नसेल, तर सीटी स्कॅन किंवा दुर्बिणीने तपासणी लागते आणि त्यासाठी डॉक्टर मुंबई-पुण्याला जायला सांगू शकतात.

घरात काय करू नये, काय करावे

माणसाचे तापाचे औषध मांजराला कधीही देऊ नये. शेजारच्या एका बोक्याला औषधाच्या दुकानातून आणलेले लहान मुलांचे पॅरासिटॅमॉल "थोडेसेच" पाजले गेले होते. काही तासांत त्याचा चेहरा सुजला, हिरड्या चॉकलेटी झाल्या आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. मांजराच्या यकृताला हे औषध निकामी करता येत नाही, आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमताच नष्ट होते. आयबुप्रोफेन, छातीला लावायचा बाम, निलगिरीचे तेल आणि कापूर हेही तितकेच वर्ज्य. मागच्या वेळी उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्याही देऊ नयेत, कारण विषाणूंवर त्यांचा परिणाम होत नाही. ताप, सुस्ती, अन्नावरची वासना जाणे आणि त्याबरोबर घट्ट पिवळा स्राव असेल, तरच डॉक्टर सहसा त्यांचा विचार करतात. डॉक्सिसायक्लिनची गोळी दिली गेली, तर तिच्यामागून पाच-सहा मिलिलिटर पाणी किंवा थोडे अन्न द्यावेच. ती अन्ननलिकेत अडकली, तर तिथे जखम होऊन नलिका कायमची अरुंद होऊ शकते.

सौम्य सर्दीत नाक-डोळे कोमट ओल्या कापसाने पुसावेत, गरम पाण्याच्या वाफेने भरलेल्या न्हाणीघरात मांजराला दहा-पंधरा मिनिटे आपल्याजवळ बसवावे आणि अन्न किंचित गरम करून द्यावे, म्हणजे वास सुटतो. इतर मांजरांपासून त्याची खोली, वाटी आणि लिटर ट्रे वेगळा ठेवावा. कॅलिसी विषाणू कोरड्या पृष्ठभागावर आठवडाभर, कधी त्याहून अधिक टिकतो आणि हात धुण्याच्या अल्कोहोलला सहज दाद देत नाही. साबणाने धुतल्यावर घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग असे मिश्रण दहा मिनिटे लावून स्वच्छ पाण्याने काढावे. फिनाईल मात्र वापरू नये. ते मांजरांसाठी विषारी आहे.

साधी सर्दी सात ते दहा दिवसांत ओसरू लागते. दहा दिवसांनंतरही स्राव तसाच असेल, तर पहिले निदान पुन्हा तपासून घ्यावे. लस आठव्या-नवव्या आठवड्यापासून, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, सोळा आठवड्यांचे वय होईपर्यंत द्यावी. लसीने लागण पूर्ण थांबत नाही, आजाराची तीव्रता मात्र बरीच कमी होते.

हर्पिस झालेले बहुतेक मांजर तो विषाणू चेहऱ्याच्या मज्जातंतूंत आयुष्यभर बाळगते, आणि ताण आला की साधारण एका आठवड्याने तो पुन्हा बाहेर पडतो. आमच्या थोरल्या बोक्याच्या कॅलेंडरवर गेली तीन वर्षे हेच दिसते: लक्ष्मीपूजनाचे फटाके, त्यानंतर सात-आठ दिवसांनी डाव्या डोळ्यात पाणी आणि सकाळच्या शिंका. त्या आठवड्यात आम्ही घरात नवे पिल्लू आणत नाही आणि आधीपासून असलेल्या पिल्लाला दुसऱ्या खोलीत हलवतो. रात्री तो माझ्या जुन्या शालीवर झोपला की घड्याळ घेऊन त्याच्या कुशीकडे पाहत बसतो. आकडा विशीत असेल, वाटी रिकामी असेल आणि डोळा उघडा असेल, तर डॉक्टरांना फोन न करता पुढच्या रात्रीपर्यंत थांबतो.